दुबचेक यांच्या दोन सह्या

२७ ऑगस्ट १९६८ रोजी अलेक्झांडर दुबचेक प्रागच्या रेडिओवरून देशाशी बोलले. चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या या प्रमुखाला सहा दिवसांपूर्वी सोव्हिएत सैनिकांनी त्याच्याच कार्यालयातून धरून नेले होते आणि त्याच दिवशी पहाटे तो मॉस्कोहून परतला होता. भाषणात काय सांगितले गेले यापेक्षा ते कसे सांगितले गेले हेच ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिले. वाक्य सुरू होई आणि मध्येच थांबे. त्या थांबण्यात श्वास ऐकू येई, कधी हुंदका आवरल्यासारखे वाटे, मग पुढचा शब्द येई. विराम इतके लांबत की रेडिओ बंद पडला की काय असे वाटावे.

या विरामांचा अर्थ काय? दुबचेक यांच्याविषयी वाचायला लागलो तेव्हापासून हा प्रश्न माझ्यासोबत आहे. त्याची उत्तरे शोधताना तीन पुस्तके हाताशी येतात. पहिले दुबचेक यांचे आत्मचरित्र. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९९३ मध्ये, 'होप डाइज लास्ट' या नावाने इंग्रजीत आले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले चेक पत्रकार यिर्झी होखमन यांनी ते संपादित केले. दुसरे झ्देनेक म्लिनार्झ यांच्या आठवणींचे. म्लिनार्झ १९६८ मध्ये पक्षाच्या नेतृत्वात होते, मॉस्कोतल्या वाटाघाटींना हजर होते. 'नाइटफ्रॉस्ट इन प्राग' या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे त्यांचे पुस्तक मूळ चेकमध्ये १९७८ साली देशाबाहेर छापले गेले. तिसरी मिलान कुंदेरा यांची कादंबरी 'द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग' (१९८४). मराठी वाचकाला यांतली तिसरीच बहुधा ठाऊक असते आणि दुबचेक यांची आपल्याकडची प्रतिमा बरीचशी तिथूनच आलेली आहे.

दुबचेक यांच्यावरची बहुतेक चर्चा २६ ऑगस्ट १९६८ रोजी मॉस्कोत त्यांनी केलेल्या सहीभोवती फिरते. ही सही सक्तीची होती, म्हणून तिची चर्चा सोपी आहे. तिच्यानंतर वर्षभराने, २२ ऑगस्ट १९६९ रोजी, त्यांनी आणखी एक सही केली. माझ्या मते दुबचेक यांना समजून घेण्याची किल्ली या दुसऱ्या सहीत आहे. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या की रेडिओवरच्या त्या विरामांचाही काही वेगळा अर्थ लागतो.

२

पक्षाची आज्ञा दुबचेक यांच्या रक्तात कुठून आली, हे आधी पाहायला हवे. वडील श्तेफान सुतार होते. पोटासाठी ते अमेरिकेत गेले आणि शिकागोत समाजवादी झाले. आई-वडिलांची भेट तिथेच झाली. कुटुंब स्लोव्हाकियात परतले आणि २७ नोव्हेंबर १९२१ रोजी उह्रोवेत्स या खेड्यात अलेक्झांडर यांचा जन्म झाला. ज्या घरात ते जन्मले त्याच घरात शंभरेक वर्षांपूर्वी स्लोव्हाक प्रमाणभाषेचे शिल्पकार ल्युदोविट श्टूर जन्मले होते. हा योगायोग चरित्रकारांना मोहवणारा आहे आणि तो सगळीकडे येतो. मला त्यापेक्षा पुढचा टप्पा महत्त्वाचा वाटतो.

१९२५ मध्ये हे कुटुंब 'इंटरहेल्पो' या सहकारी संस्थेबरोबर सोव्हिएत किरगिझियात गेले. पिश्पेक म्हणजे आजचे बिश्केक. संस्थेचे नाव 'इदो' या कृत्रिम भाषेतले होते आणि त्याचा अर्थ परस्परसाहाय्य. युरोपातले कामगार आपली अवजारे आणि यंत्रे घेऊन मध्य आशियात समाजवाद उभारायला निघाले होते. अलेक्झांडर तेव्हा तीन वर्षांचे होते. १९३३ मध्ये कुटुंब गोर्की शहरात गेले आणि १९३८ मध्ये स्लोव्हाकियात परतले. म्हणजे ज्या वयात मूल घर, शाळा, खेळगडी आणि भाषा मिळवते, ते सारे वय सोव्हिएत देशात गेले. पक्ष ही त्यांनी तरुणपणी विचार करून स्वीकारलेली गोष्ट म्हणता येणार नाही. तो त्यांना घराबरोबर मिळाला होता.

या घराची किंमतही कुटुंबाने मोजली. परत आल्यावर, १९३९ मध्ये, अलेक्झांडर बेकायदा ठरलेल्या पक्षात दाखल झाले. १९४४ च्या स्लोव्हाक राष्ट्रीय उठावात ते आणि त्यांचा भाऊ युलियुस बंदूक घेऊन उतरले. अलेक्झांडर जखमी झाले, युलियुस मारला गेला. वडिलांना नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीत जावे लागले, ते वाचले. युद्धानंतर अलेक्झांडर यांनी ट्रेंचीन येथे यीस्टच्या कारखान्यात काम केले, मग पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९५५ ते १९५८ ही तीन वर्षे ते मॉस्कोच्या उच्च पक्षशाळेत होते. हा सारा प्रवास एका आज्ञाधारक, कष्टाळू कार्यकर्त्याचा आहे. बंडखोरीची एकही खूण त्यात नाही.

पहिली चीर पडली ती १९६०-६५ च्या दरम्यान. पन्नाशीच्या दशकातल्या राजकीय खटल्यांची फेरतपासणी करणाऱ्या पक्षाच्या आयोगात दुबचेक होते. १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा जण फासावर गेले होते. आरोपींमध्ये बहुसंख्य ज्यू होते. कबुलीजबाब कसे मिळवले गेले हे त्या कागदांतून उलगडत गेले. गुस्ताव हुसाक यांनाही याच काळात जन्मठेप झाली होती. १९६३ मध्ये दुबचेक स्लोव्हाक पक्षाचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी हुसाक यांचे पुनर्वसन झाले. सहा वर्षांनी दुबचेक यांची खुर्ची घेणारे हेच हुसाक.

३

५ जानेवारी १९६८ रोजी दुबचेक देशाच्या पक्षाचे प्रथम सचिव झाले. नोवोत्नी यांच्याविरुद्ध एकत्र आलेल्या परस्परविरोधी गटांना चालेल असे ते नाव होते. एप्रिलमध्ये कृती कार्यक्रम आला. त्यात अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, अन्याय झालेल्यांचे पुनर्वसन आणि चेक व स्लोव्हाक यांचे संघराज्य यांची ग्वाही होती, पण पक्षाचे अग्रस्थान कायम होते. जूनच्या अखेरीस सेन्सॉरशिप कायद्याने रद्द झाली आणि लगोलग लुदविक वात्सुलिक यांचे 'दोन हजार शब्द' हे जाहीर पत्र छापून आले. 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' हे शब्द तेव्हापासून दुबचेक यांच्या नावाला चिकटले.

२० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी आणि बल्गेरिया यांचे सैन्य देशात शिरले. वर्षअखेरपर्यंत शंभरावर नागरिक मृत्युमुखी पडले. दुबचेक आणि त्यांचे काही सहकारी मॉस्कोत नेले गेले आणि २६ ऑगस्टला 'मॉस्को करारा'वर त्यांनी सही केली. आक्रमणानंतर कामगारांच्या पहाऱ्यात गुप्तपणे भरलेले पक्षाचे अधिवेशन रद्दबातल ठरवायचे, वृत्तमाध्यमांवर पुन्हा ताबा आणायचा, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांसमोर नको म्हणायचे आणि परिस्थिती 'सामान्य' होईपर्यंत परकी फौजा राहू द्यायच्या, असा तो मजकूर.

या चार दिवसांचे म्लिनार्झ यांनी केलेले वर्णन मला तिन्ही पुस्तकांतला सर्वांत भेदक भाग वाटतो. ते स्वतः सही करणाऱ्यांपैकी आहेत आणि स्वतःला सूट देत नाहीत. दुबचेक त्यांना तिथे खचलेले आणि आजारी दिसले. ब्रेझनेव्ह त्यांच्याशी शत्रूसारखे बोलत नाहीत, दुखावलेल्या वडीलधाऱ्यासारखे बोलतात. आम्ही तुझ्यावर विश्वास टाकला आणि तू आम्हाला न विचारता भाषणे केलीस, माणसे नेमलीस, असा तो सूर आहे. मग ते युद्धावर येतात. आमचे सैनिक तुमच्या भूमीपर्यंत रक्त सांडत आले, म्हणून तुमची पश्चिमेची सीमा ही आमचीही सीमा आहे. म्लिनार्झ यांच्या लक्षात येते की या बोलण्यात विचारप्रणाली नावालाच आहे. त्यामागे साम्राज्याचा साधा हिशेब आहे.

मला इथे युलियुस आठवतो. रक्ताचा हिशेब दुबचेक यांनाही मांडता आला असता. ज्याचा भाऊ त्याच युद्धात पडला त्याला कुणी त्या युद्धाचे ऋण सुनावत होते.

सही न करणारा माणूस एकच होता. फ्रान्तिशेक क्रीगेल पेशाने डॉक्टर, स्पेनच्या यादवी युद्धात आंतरराष्ट्रीय पथकांबरोबर काम केलेले, जन्माने ज्यू. त्यांनी सही नाकारली. सोव्हिएत नेत्यांना ते परत जायला नको होते. इथे दुबचेक आणि त्यांचे सहकारी अडून बसले आणि क्रीगेल यांना बरोबर घेऊनच निघाले. ही नोंद पुढच्या निवाड्यात विसरता कामा नये. ऑक्टोबरमध्ये परकी फौजांच्या वास्तव्याचा करार संसदेपुढे आला तेव्हा २२८ जणांनी बाजूने मत दिले आणि चौघांनी विरोधात. त्या चौघांत क्रीगेल होते.

४

कुंदेरांच्या कादंबरीत दुबचेक पात्र म्हणून येत नाहीत, आवाज म्हणून येतात. भाषणातले विराम, श्वासासाठीची धडपड तेरेझाला ऐकू येते. ती आणि तोमास परदेशात जातात. प्रथम तिला त्या आवाजातल्या दुबळेपणाची किळस वाटते. पुढे तिच्या ध्यानात येते की तो दुबळेपणाच तिला ओढतो आहे, आपणही दुबळ्यांतल्याच आहोत, आणि ती प्रागला परत येते. कादंबरीच्या गरजेपुरते हे फार नेमके आहे. एका देशाची मानहानी कुंदेरांनी एका श्वासात पकडली.

पण याच कारणाने ते अपुरे आहे. कादंबरीतल्या त्या आवाजाला भूतकाळ नाही, म्हणून भविष्यकाळही नाही. त्याला पिश्पेक नाही, ट्रेंचीन नाही, आयोगातले कागद नाहीत. फक्त चिरडलेपण आहे. विरामांचा अर्थ दुबळेपणा, असे एकदा ठरले की पुढच्या वर्षीची गोष्ट उलगडत नाही.

आत्मचरित्राची अडचण उलट दिशेची आहे. त्यात भूतकाळ भरपूर आहे, पण विराम नाहीत. पुस्तक दुबचेक यांच्या आयुष्याच्या शेवटच्या काळात घडले, दुसऱ्याच्या हातून संपादित झाले आणि लेखकाच्या पश्चात छापले गेले. त्याचे गद्य सलग, समतोल, समजावणारे आहे. घटनेमागून घटना आणि प्रत्येक निर्णयामागचे कारण, असे ते चालते. माणूस प्रांजळ आहे याबद्दल वाचताना शंका येत नाही. तरीही ज्याचे सर्वांत खरे बोलणे न बोलण्यात होते, त्याचे पुस्तक कुठेही अडखळत नाही हे मला खटकते. आत्मचरित्रात जे कारण म्हणून येते ते रेडिओवर कारण म्हणून आले नव्हते.

५

आता दुसरी सही. जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने स्वतःला जाळून घेतले. एप्रिलमध्ये दुबचेक यांच्या जागी हुसाक आले. दुबचेक यांना संघराज्याच्या संसदेचे अध्यक्षपद मिळाले. आक्रमणाला वर्ष झाले तेव्हा, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, प्राग, ब्रनो आणि इतर शहरांत लोक रस्त्यावर उतरले. या वेळी त्यांच्यासमोर सोव्हिएत रणगाडे नव्हते. त्यांच्याच देशाचे पोलीस, सैनिक आणि पक्षाची सशस्त्र पथके होती. पाच जण मारले गेले.

२२ ऑगस्टला संसदेच्या अध्यक्षमंडळाने एक वटहुकूमवजा कायदा काढला. कुणालाही तीन आठवडे अटकेत ठेवता येईल, खटले एकाच न्यायाधीशापुढे झटपट चालतील, आंदोलनात भाग घेणाऱ्याला नोकरीवरून काढता येईल, विद्यार्थ्याला शिक्षणातून बाहेर घालवता येईल आणि तरुणांना समाजवादाविरुद्ध शिकवणाऱ्या शिक्षकाची नोकरी जाईल, अशा त्यातल्या तरतुदी. लोकांनी त्याला दंडुक्याचा कायदा म्हटले. त्याखाली तीन सह्या होत्या. राष्ट्राध्यक्ष स्वोबोदा, पंतप्रधान चेर्निक आणि संसदेचे अध्यक्ष दुबचेक. वर्षापूर्वी ज्यांच्यासाठी लोक रणगाड्यांपुढे उभे राहिले होते, त्या तिघांची नावे त्याच लोकांना तुरुंगात टाकणाऱ्या कागदावर होती.

मॉस्कोतल्या सहीसाठी आपण पुष्कळ कारणे देऊ शकतो. तिथे अपहरण होते, आजारपण होते, देशात रक्तपात वाढण्याची भीती होती. या सहीसाठी त्यांतले एकही कारण तसेच्या तसे लागू पडत नाही. दुबचेक स्वतःच्या देशात, स्वतःच्या कार्यालयात होते. राजीनामा देता आला असता. म्लिनार्झ यांनी १९६८ च्या नोव्हेंबरातच पदे सोडली होती आणि राष्ट्रीय संग्रहालयाच्या कीटकविभागात भुंगेऱ्यांचा अभ्यास करायला ते निघून गेले होते. म्हणजे वाट नव्हती असे म्हणता येत नाही.

दुबळेपणा म्हणावे, तर पुढच्याच महिन्यातली गोष्ट आड येते. सप्टेंबर १९६९ च्या मध्यवर्ती समितीच्या बैठकीत दुबचेक यांच्याकडून आत्मटीकेची अपेक्षा होती. ही त्या पक्षाची जुनी रीत. आपण चुकलो, आक्रमण हे बंधुत्वाचे साहाय्य होते, एवढे म्हटले असते तर निदान काही पदरात राहिले असते. अनेकांनी ते म्हटलेही. दुबचेक यांनी म्हटले नाही. आपल्या धोरणाचा त्यांनी बचाव केला. महिनाभरात पक्षाच्या अध्यक्षमंडळातले स्थान आणि संसदेचे अध्यक्षपद दोन्ही गेले. काही महिने तुर्कस्तानात राजदूत म्हणून काढल्यावर जून १९७० मध्ये त्यांना पक्षातूनच काढून टाकले गेले. पुढची वर्षे ब्रातिस्लावाजवळ वनखात्याच्या यंत्रसामग्रीच्या कामात आणि गुप्त पोलिसांच्या नजरेखाली गेली.

ऑगस्टमध्ये दंडुक्याच्या कायद्यावर सही करणारा आणि सप्टेंबरमध्ये शब्द मागे घ्यायला नकार देणारा माणूस एकच आहे. याची संगती कशी लावायची? मला असे दिसते की दुबचेक यांच्या मनात पक्षाचा निर्णय अमलात आणणे आणि त्या निर्णयाला सत्य म्हणणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. त्यांचा हात पक्षाचा होता, जीभ स्वतःची होती. निर्णय झाला तर त्याखाली सही करणे हे कार्यकर्त्याचे काम. खोटे आहे ते खरे म्हणणे हे मात्र कोणत्याही शिस्तीत बसत नाही. आयोगातल्या कागदांत त्यांनी कबुलीजबाब पाहिले होते. माणसाकडून खोटे वदवून घेण्याचे पुढे काय होते हे त्यांना माहीत होते.

आता पुन्हा २७ ऑगस्टकडे जाऊ. आदल्या दिवशी हाताने सही केली होती. रेडिओवर जिभेवर पाळी आली. जे हाताने निभावले ते जिभेने निभेना, आणि वाक्ये मध्येच थांबू लागली. त्या विरामांत दुबळेपणा असेलही. मला त्यात खोटे बोलायला न शिकलेल्या माणसाची अडचण ऐकू येते.

६

हे म्हणताना मी दुबचेक यांना सोडवतो आहे असे वाटू नये. उलट, आरोप इथेच अधिक गंभीर होतो. जिभेने जे नाकारले त्याची किंमत दुबचेक यांनी स्वतः मोजली: पद, मान, वीस वर्षे. हाताने जे केले त्याची किंमत इतरांनी मोजली: अटकेत गेलेले तरुण, कामावरून काढलेले कामगार, शाळा सुटलेले शिक्षक. स्वतःचे बोलणे स्वच्छ ठेवणारा माणूस स्वतःच्या सहीबद्दल निश्चिंत राहू शकतो, हा धोका सभ्य माणसांनाच असतो. क्रीगेल यांनी हा भेद मानला नाही. त्यांच्या लेखी सही हेही बोलणेच होते.

हा प्रश्न केवळ प्रागचा नव्हता. २३ ऑगस्ट १९६८ रोजी सुरक्षा परिषदेत आक्रमणाच्या निषेधाचा ठराव मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळातून त्या भूमिकेवरून एकच मंत्री बाहेर पडले, समाजवादी चळवळीत घडलेले अशोक मेहता. खेद बोलून दाखवायचा पण हात वर करायचा नाही, या सोयीशी आपलीही ओळख आहे.

१९७४ मध्ये दुबचेक यांनी संसदेला लांबलचक पत्र लिहून दडपशाहीचा पाढा वाचला. पुढच्या वर्षी ते पश्चिमेत छापले गेले. पण १९७७ च्या जानेवारीत 'चार्टर ७७' निघाला तेव्हा त्यावर त्यांची सही नव्हती. म्लिनार्झ यांची होती, क्रीगेल यांची होती. मला याचे नवल वाटत नाही. दुबचेक पत्रे लिहीत राहिले ती संसदेला, पक्षाला, म्हणजे घरातल्यांना. घराबाहेर उभे राहून बोलणे त्यांना जमणारे नव्हते. घराने हाकलून दिल्यावरही नाही.

२४ नोव्हेंबर १९८९ रोजी ते प्रागच्या वेन्सेस्लास चौकातल्या सज्जावर हावेल यांच्या शेजारी उभे राहिले आणि खालच्या गर्दीने त्यांच्या नावाचा जयघोष केला. महिनाभराने संसदेने त्यांना पुन्हा अध्यक्ष निवडले. २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा अध्यक्षपदी दुबचेक होते. चित्रपटाच्या शेवटासारखा हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. त्यात एक तपशील गळतो. वीस वर्षांपूर्वी दंडुक्याच्या कायद्याखाली सही करताना ते याच पदावर होते. नियतीने त्यांना न्याय दिला असे म्हणण्यापेक्षा, तीच खुर्ची त्यांना दुसऱ्यांदा मिळाली, असे म्हणणे मला जास्त खरे वाटते.

१ सप्टेंबर १९९२ रोजी प्रागकडे जाताना त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि ७ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. पुढच्या आठ आठवड्यांत चेकोस्लोव्हाकिया हा देशही उरला नाही. त्यामुळे आत्मचरित्र आले तेव्हा ते ज्या देशासाठी लिहिले होते तो देश नव्हता आणि ज्या पक्षाच्या न्यायालयापुढे ही साक्ष होती तो पक्षही नव्हता. उरला होता तो वाचक.

त्या वाचकाला मी एवढेच सुचवेन. पुस्तक वाचावे, पण आधी त्या भाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. भाषा कळण्याची गरज नाही. शब्दांमधली शांतता ऐकावी आणि मग पुस्तकात १९६९ चा ऑगस्ट काढून वाचावा. आपण कोणत्या कागदांवर सह्या करतो आणि त्याबद्दल तोंडाने काय म्हणतो, याचा हिशेब मांडण्याची इच्छा मला तरी त्या वाचनानंतर झाली. तो हिशेब अजून पुरा झालेला नाही.